पौर्णिमेचा बॅकअप

आधी आप्पांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. नाव तरी काय, खोल्यांतले सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे. दारावर पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं उन्हानं उडून गेलेली. नवी करा म्हटलं की म्हणायचे, "पोस्टमनला माहीत हाय, पुरे झालं." आप्पा आमचे घरमालक. नाशिकला, सातपूरच्या मागच्या अंगाला त्यांच्या ओळीनं खोल्या होत्या, कडेच्या खोलीत आम्ही राहायचो. माझ्या नवऱ्याचा हात मशीनखाली गेला आणि ज्यांच्या मशीनखाली गेला ते म्हणायला लागले की हा माणूस आमचा नाहीच, तेव्हा आप्पा आमच्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी काय दिलं ते मी शेवटी लिहीन. आधीच लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच ना?

मी सातवीपर्यंत शिकले. आठवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मधे नाला होता. आमचं गाव किनवटच्याही पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला. तिथून नाशिकला यायचं म्हणजे गाडीतच दिवस मावळतो आणि गाडीतच उजाडतो. आल्या आल्या माझी बोली ऐकून नळावरच्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या. मी "काय करायलाव?" म्हटलं की हसायच्या. त्यामुळं मी फार बोलायचे नाही, आणि लिहायची तर भीतीच. आताही एकेक ओळ दोनदा वाचते. पण आप्पांचं कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि दुसरं कोण लिहिणार?

आप्पा एसटीच्या डेपोत कारकून होते. मी पाहिलं तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, गळ्यात दोन चष्मे. एक जवळचा, एक लांबचा असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. दोन्ही एकाच नंबरचे होते. "एक हरवला तर?" हे त्यांचं त्यावरचं उत्तर. घराची एक किल्ली त्यांच्याकडं, एक कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं, आणि किराणावाल्याच्या घराची एक आप्पांकडं. दोघं एकमेकांशी भांडले तरी किल्ल्या परत केल्या नाहीत. गॅसचा लायटर चालू असताना काड्यापेटी पिशवीत, पिशवी खुंटीला. नळाला पाणी असतानाही बादल्या भरलेल्या. खोल्यांतली पोरं त्यांना मागून 'डबल आप्पा' म्हणायची. त्यांना माहीत होतं. एकदा एकाला धरून म्हणाले, "दोनदा म्हण. एकदा म्हटलेलं मला ऐकू आलं नसंल तर?"

पण त्यांचा खरा छंद म्हणजे पौर्णिमा.

आप्पा बौद्ध. पौर्णिमेला सकाळी अंघोळ करून पांढरा सदरा-पायजमा घालून विहारात जायचे, वंदना करून यायचे. आले की ओट्यावर टेबल मांडायचे. टेबलावर कॉम्प्युटर, जुना, पंखा घरघरणारा. शेजारी एक स्टीलचं ताट. मग खोल्यांवरून फिरत हाक द्यायचे, "चला, मोबाईल आणा! बॅकअप!" कुणी खीर वाटायला बोलवावं तसं. आणि सगळ्यांनी आपापले मोबाईल आणून त्या ताटात ठेवायचे. प्रत्येकाला रबरबँड, रबरबँडखाली खोली नंबरची चिठ्ठी. एकेक मोबाईल वायरीनं कॉम्प्युटरला जोडायचे, त्यातले फोटो, व्हिडिओ, सगळं कॉम्प्युटरमधे. मग कॉम्प्युटरमधलं सगळं एका काळ्या डिस्कमधे. खिशातल्या डायरीएवढी ती डिस्क. तिला धक्का लागू नये म्हणून एका जुन्या माकडटोपीत घातलेली, आणि टोपी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

भाडेकरू म्हणून हे करावंच लागायचं असं नाही. पण जो आणणार नाही त्याच्या दारात आप्पा येऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, नुसते उभे. मग माणूस देऊन टाकायचा.

त्यात गंमत अशी की कॉपी चालू झाली की आप्पा खांद्यावरचा टॉवेल काढून स्क्रीनवर टाकायचे. दुसऱ्याचं आपल्याला दिसू नये म्हणून. मधेमधे टॉवेलाचा कोपरा उचलून हिरवी पट्टी किती भरली तेवढं बघायचे आणि लगेच सोडायचे. बाळंतिणीच्या खोलीचा पडदा उचलल्यासारखं.

शेजारचा वेल्डर एकदा म्हणाला, "आप्पा, टॉवेलाखालून आमचं सगळं बघता ना?"

"तुझं काय बघायचंय? तुझ्या बायकोला विचार, तिला तरी बघवतं का."

वेल्डरची बायको दारातच होती. ती म्हणाली, "नाय बघवत, आप्पा. पण डिलीट बी करता येत नाय." सगळा ओटा हसला.

मला त्या ओट्यावर बरं वाटायचं. गावाकडून आल्यावर माझं पहिलं हसू त्या ओट्यावरचं.

आप्पा काम करताना बडबडायचे. "फोन म्हणजे काय? खिसा. खिसा कधीही फाटतो." वायर काढताना कॉम्प्युटरला आधी विचारायचे, काढू का, आणि त्यावर 'आता काढायला हरकत नाही' असं आलं की मगच हात लावायचे. "पाहुण्याच्या घरून उठतो तर 'येतो' म्हणतो की नाय आपण? का पायात चपला घालून पळत सुटतो?" मी एकदा विचारलं, आप्पा, कॉम्प्युटरमधे आहे ना सगळं, मग पुन्हा डिस्क कशाला? तेव्हा त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. म्हणाले, "पोरी, आधी मीबी असंच म्हणायचो. तेव्हा कॉम्प्युटरात दोन कप्पे होते, सी आणि डी. मी हुशार. सीमधलं सगळं डीमधे पण ठेवलं. म्हटलं, झाले दोन. एके दिवशी मशीन चालू होईना. दुकानदार म्हणाला, आप्पा, कप्पे दोन असले तरी पेटी एकच हाय, आणि पेटीच मेली. माझं होतं नव्हतं सगळं त्यात गेलं." काय गेलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. "कप्पा बदलला म्हणजे घर बदललं नाय," एवढं म्हणाले आणि टॉवेलाचा कोपरा उचलून बघायला लागले.

म्हणून घरही बदलायचे. त्यांच्याकडं डिस्का दोन होत्या. पौर्णिमेला जी भरली ती दुसऱ्या दिवशी एसटीनं नांदगावला नेऊन बहिणीकडं ठेवायची आणि तिथली आधीची परत आणायची. दर महिन्याला. ऊन असो, पाऊस असो, सांधे धरलेले असोत. बहीण ती डिस्क बाजरीच्या डब्यात खुपसून ठेवायची. ती आक्का मी पुढं पाहिली. ती म्हणाली, "माझा भाऊ महिन्याला येतो म्हणून गाव मला नशीबवान म्हणतं. गावाला काय माहीत, तो माझ्या बाजरीला भेटायला येतो."

आता आमच्या ह्यांचं.

हे इथल्याच अंबडला एका पत्र्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागले होते. प्रेस मशीन. पायानं पायडल दाबलं की वरून लोखंड खाली येतं आणि पत्रा कापतं किंवा वाकवतं. हातापुढं जाळी असायला पाहिजे, ती काढून ठेवलेली, जाळी असली की माल कमी निघतो म्हणून. ओळखपत्र नव्हतं, हजेरीचा कागद नव्हता. "बनवतोय, बनवतोय," ठेकेदार म्हणायचा. हात जायच्या थोडेच दिवस आधी ह्यांनी तिथं एक व्हिडिओ काढला होता, सासूबाईंना गावाकडं पाठवायला. पण तिकडं रेंजची बोंब, तो गेलाच नाही, फोनमधेच राहिला. मला दाखवला होता. मी म्हटलं, किती आवाज हो मशीनचा. हे म्हणाले, आता मला ऐकूच येत नाही तो.

त्या पौर्णिमेला ह्यांची दुपारची पाळी होती. फोन वायरीला लागलेला, आप्पांचा टॉवेल स्क्रीनवर. हे घाईला आले. "आप्पा, पाळी चुकंल. द्या फोन."

"अरे, पट्टी भरली नाय अजून."

"राहू द्या, पुढच्या पौर्णिमेला घ्या राहिलेलं." आणि वायर ओढून फोन घेऊन गेले.

आप्पा इतके चिडले की टॉवेल खाली पडला. "मधेच ओढली की अर्धं येतं, अर्धं राहतं! आणि कुठलं अर्धं, कुणाला कळत नाय!" संध्याकाळी त्यांनीच खिरीची वाटी पाठवली, पण निरोपही पाठवला, की गाढवाला सांग, वायर म्हणजे दावं नव्हे.

दुसऱ्या दिवशी डिस्क नांदगावला गेली. आणि त्याच आठवड्यात ह्यांचा उजवा हात प्रेसखाली गेला. मनगटापासून.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिथं ठेकेदाराचा सुपरवायझर होता. फार गोड बोलला. "वहिनी, घाबरू नका, सगळं बघतो. फोन द्या ह्यांचा, गावाकडं कळवतो." मी दिला. कोण नाही देणार? संध्याकाळी फोन परत आला तेव्हा काच फुटलेली. "गडबडीत पडला हो." दुकानात दाखवला तर आत काहीच नव्हतं. कोरा. ह्यांचा आवाज नाही, फोटो नाही, कुणाचा नंबर नाही. पडून फोन फुटतो, पण कोरा कसा होतो?

मग दुसऱ्या दिवशी पोलिसांचा माणूस जबाब घ्यायला आला, आणि सुपरवायझर दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यासमोर त्याला सांगायला लागला, "साहेब, हा आमच्याकडचा नाही. गेटच्या रजिस्टरला नाव नाही. उसाच्या रसाच्या चरकात हात गेलाय म्हणे. बाई गोंधळलेली आहे."

माझी बोली आडवी आली, माझी भीती आडवी आली. आप्पा माझा डबा घेऊन आलेले, ते पुढं झाले.

"चरक? कुठला चरक? चरकाच्या गाडीचा नंबर सांग. फोन घेतलास ना पोराचा? घे. माझ्याकडं कॉपी हाय. कॉम्प्युटरात हाय, डिस्कमधे हाय. घरी टेबलावर पडलीये. या बघायला!"

सुपरवायझर हसला आणि म्हणाला, "काका, बसा. पाणी घेता का?"

मला ते पाणी अजून आठवतं. त्यानं स्वतः आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आप्पा दवाखान्यात असताना, त्यांचं कुलूप तुटलं. कॉम्प्युटरचा डबा गेला. स्क्रीन तशीच ठेवली, टॉवेल तिच्यावर तसाच. बिस्किटाचा डबा गेला, त्यातली जुनी डिस्क गेली. हवालदारानं विचारलं, सोनंनाणं? आप्पा म्हणाले, नाही. मग त्यानं लिहून घेतलं आणि तो गेला. खोल्यांत सगळ्यांनी आवाज ऐकला होता, पण वाटलं आप्पांनीच रिपेरीला माणूस बोलावलाय.

आप्पा ओट्यावर बसून राहिले. वेल्डरनं चहा आणला, तो तसाच निवला. "तोंड," ते म्हणाले. "सगळी नोकरी टेबलामागं बसून कागद सांभाळायला शिकलो. तोंड सांभाळायला नाय शिकलो."

मी म्हटलं, आप्पा, नांदगाव?

ते उठले, सदरा घातला आणि म्हणाले, "चल."

एक वकीलबाई कामगारांची कामं बघायच्या, वेल्डरच्या ओळखीतल्या. त्यांना निघताना फोन केला. त्या म्हणाल्या, "डिस्क आणा, पण कुठल्याही मशीनला लावू नका. अजिबात नाही. लावलीत तर समोरचा म्हणेल, तुम्हीच आता त्यात व्हिडिओ घुसवला. अधिकाऱ्यांच्या समोरच उघडायची."

म्हणजे व्हिडिओ त्यात आहे की नाही हे बघायचंसुद्धा नाही. पट्टी भरायच्या आधी वायर ओढलेली. आप्पांनी टॉवेल टाकलेला. कुठलं अर्धं आलं, कुठलं राहिलं, कुणालाच माहीत नव्हतं.

आक्कानं बाजरीत हात घातला. कोपरापर्यंत. मिळेना. दुसऱ्या बाजूनं घातला, आणि बाजरी सांडत डिस्क वर आली. आप्पांनी ती खिशातून आणलेल्या माकडटोपीत घातली. ती टोपी चोरांनी डब्यातून काढून दारातच टाकली होती.

येताना गाडीत आप्पांनी ते गाठोडं मांडीवर दोन्ही हातांनी धरलेलं. शेजारच्या बाईनं बराच वेळ बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "अस्थी का हो? रामकुंडाला चालले?"

"नाही बाई," आप्पा म्हणाले. "जिवंत हाय अजून. म्हणून जपतोय."

कामगार कार्यालयात आमचा नंबर येईपर्यंत बाहेर बाकावर बसलो होतो. वकीलबाई आत गेलेल्या. आप्पा टोपीवरून हात फिरवत होते. मग एकदम बोलले, माझ्याकडं न बघता.

"यात तिचं बोलणं हाय."

मला कळलं नाही. आप्पांची बायको मी कधी पाहिली नव्हती. आम्ही येण्याच्या बऱ्याच आधी त्या गेल्या होत्या.

"विहारात वंदना म्हणायची ती. एक ओळ नेहमी गिळायची. मी घरी आल्यावर बोलायचो, चुकलीस. ती म्हणायची, बुद्धाला चालतं, तुम्हालाच चालत नाय. ते सगळं रेकॉर्ड केलं होतं मी, गंमत म्हणून. ते त्या जुन्या मशीनमधे गेलं. सी आणि डी." त्यांनी टोपीची कड सरळ केली. "मग मी घराघरांत फिरलो. कुणाच्या लग्नात, बारशात कुठं ती दिसते का. फोटो मिळाले. आवाज कुठंच नाय. शेवटी आक्काच्या नात्यातल्या एका लग्नाची सीडी सापडली. पंगतीत वाढतेय ती. कॅमेरा पुढनं जातो, तेव्हा एका पोरीला म्हणते, 'अगं घे की, लाजतेस काय.' तेवढंच. सीडीला बुरशी लागलेली, एकदाच चालली, तेवढ्यात उतरवून घेतलं. मशीनमधे ठेवलं आणि दोन्ही डिस्कांत ठेवलं. आता मशीन गेलं, एक डिस्क गेली." त्यांनी मांडीवरच्या टोपीवर बोट ठेवलं. "ही राहिली."

मी म्हटलं, "आप्पा, समोर सायबर कॅफे आहे. तेवढं आधी काढून घेऊ. तेवढंच. कुणाला कळतंय?"

"वकीलबाई काय म्हणाली?"

"पण आप्पा..."

"लावली की तारीख-वेळ उमटते त्यात कुठंतरी. तो म्हणंल, आणायच्या आधी उघडली होती. मग तुझा व्हिडिओ बाद. तुझ्या माणसाचा हात हाय हा." आणि मग इतकं हळू म्हणाले की मला वाकावं लागलं, "माझं काय. मी ऐकलंय ते. पुष्कळदा ऐकलंय."

ज्या माणसानं दोन चष्मे गळ्यात घातले, एका घराच्या किल्ल्या दोन घरांत ठेवल्या, तो माणूस आपली एकुलती एक वस्तू माझ्यासाठी हातची सोडत होता. आणि त्यात आमचा व्हिडिओ असेल याची खात्रीही नव्हती.

आत टेबलापलीकडं अधिकारी, अलीकडं ठेकेदाराचा वकील, त्याच्यामागं सुपरवायझर. डिस्क लावली. खोल्यांच्या नंबरांचे फोल्डर निघाले. आमचा उघडला. आमच्या गावची शेळी. सासूबाई चुलीपुढं. बसच्या काचेतून काढलेला घाट. माझा एक झोपेतला फोटो, कधी काढला माहीत नाही. अधिकारी एकेक खाली सरकवत होते. फोटो संपत आले. वकीलबाईंनी माझा हात धरला. मी त्या चौकोनांकडं बघत होते आणि मनात एकच, ह्यांनी वायर ओढली, ह्यांनी वायर ओढली.

अगदी शेवटी होता.

मशीनचा धाड धाड आवाज त्या शांत खोलीत भरला. आणि त्यात ह्यांचा आवाज. "माय, बघ, हे माझं मशीन. पाय दिला की खाली येतंय. घाबरायचं नाही, मला सवय झाली." जाळीची रिकामी जागा दिसत होती. दोन्ही हात दिसत होते. ठेकेदाराचा वकील म्हणाला, "असं मशीन कुठल्याही कारखान्यात असतं." तेवढ्यात व्हिडिओत मागून कुणीतरी ओरडलं, "ए, सिनेमा नको काढू, माल काढ! ठोक पटापट!" आवाज सुपरवायझरचा. खोलीतले सगळे वळून त्याच्याकडं बघायला लागले. तो आपल्या बुटांकडं बघत होता.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि डिस्क पाकिटात सील करायला लाख मागवली. आप्पा पुढं सरकले.

"साहेब, एक मिनिट. यात एक छोटंसं हाय. माझं. ऐकू दिलं असतं तर... एकदाच."

"प्रकरणाशी संबंध नसलेलं काही उघडायला माझी हरकत आहे," ठेकेदाराचा वकील म्हणाला. त्याला तेवढंच एक बोलायला मिळालं होतं.

अधिकाऱ्यांनी आप्पांकडं बघितलं. वाईट वाटलं असावं त्यांना, पण त्यांनी मान हलवली आणि डिस्कची वायर सरळ ओढली. आप्पांचा हात पुढं गेला, "विचारून काढा हो साहेब..." पण तोवर ती पाकिटात गेली होती. आप्पांनी माकडटोपी पुढं केली, यात ठेवता का, धक्का लागतो तिला. शिपाई हसला. लाखेचा वास सुटला, शिक्का बसला. टोपी आप्पांनी घडी करून खिशात ठेवली.

त्या व्हिडिओमुळं हे आपलेच कामगार होते एवढं ठेकेदाराला मानावं लागलं. पुढचे उपचार झाले. बाकीचं कोर्टात गेलं आणि डिस्कही पाकिटासकट तिकडं गेली. हे आता एका सोसायटीच्या गेटवर बसतात, डाव्या हातानं सही शिकले. मी द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडं पॅकिंगला जाते. पोट भरतंय. माणूस उभा आहे.

आप्पांनी मात्र पुन्हा टेबल मांडलं नाही. खोल्यांतल्यांनी मिळून जुनाच का होईना, एक कॉम्प्युटर आणून द्यायचं ठरवलं, तर म्हणाले, "त्यात काय भरू आता?" पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जायचे आणि येऊन ओट्यावर बसायचे. वेल्डरची बायको एकदा मुद्दाम ताटात मोबाईल ठेवून घेऊन गेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ताट परत दिलं. पुढं मुलगी त्यांना इगतपुरीला घेऊन गेली, जावई रेल्वेत आहे. गळ्यात एकच चष्मा घालून गेले. दुसरा मागं खिडकीत राहिला होता. मी तो घेऊन गाडीमागं धावले, तर म्हणाले, राहू दे.

मागच्या पावसाळ्यात मी इगतपुरीला जाऊन आले. तिथला पाऊस म्हणजे पत्र्यावर सतत कुणी काही ओतत असल्यासारखा. आप्पा खिडकीशी बसलेले. मी हाक मारली, वळले नाहीत. मुलगी म्हणाली, एका कानानं गेलंय ऐकू येणं, दुसऱ्यानंही कमी होत चाललंय, मोठ्यानं बोला. मी समोर जाऊन बसले. ओळखलं. पहिलं हेच विचारलं, "सुटली का?"

"नाही, आप्पा. अजून तारखा चालल्यात. नक्कल मिळावी म्हणून वकीलबाईंनी अर्ज केलाय, उत्तर नाही."

"सुटंल," ते म्हणाले. मलाच धीर देत होते.

मी त्यांना सांगितलं नाही की कॉम्प्युटरचा दुकानदार काय म्हणाला. तो म्हणाला, वर्षानुवर्षं बंद पडलेली डिस्क दमट जागी राहिली की कधीकधी फिरतच नाही. तेव्हापासून मला कोर्टाच्या खोल्यांच्या भिंती दिसतात, ओल आलेल्या.

म्हणून मी आता दोन्हीकडून लागले आहे. प्रत्येक तारखेला मी कोर्टात असते, मजुरी बुडाली तरी. आणि मधल्या दिवसांत ते लग्न शोधते आहे. आक्काकडून कळलं, नवरीचं माहेर येवल्याकडचं, नवऱ्याकडचे काही लोक मालेगावला. एका लग्नाची सीडी कुणी एकट्यानं थोडीच ठेवली असेल. दोन घरं झाली, तिथं नाही. तिसऱ्या घरी म्हणाले, माळ्यावर बघतो. मी पुन्हा जाणार आहे. चौथ्याही घरी जाईन. बोली ऐकून हसले तर हसू देत.

आप्पा, तुम्ही माझ्यासाठी जे सोडलंत ते मी परत आणणार आहे. पाकिटातून असो नाहीतर कुणाच्या माळ्यावरून. फक्त तुमच्या त्या दुसऱ्या कानाला जरा सांभाळा. मी तुमच्याजवळ बसून ते लावीन, कानाशी धरून, पाऊस थांबायची वाट न बघता.